२० नॅनोमीटर सोन्याची तयार बाटली: डायच्या प्रयोगांसाठी कितपत कामाची?

फ्लुरोसन्ट (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणाऱ्या) डायचा प्रकाश विझवायचा असेल तर ही बाटली घ्यावी, उजळवायचा असेल तर घेऊ नये. सायट्रेट (कणांना ऋण भार देऊन सुटं ठेवणारा पदार्थ) लावलेल्या २० नॅनोमीटर सोन्याच्या कणांबद्दलचा निकाल खरं तर एवढाच आहे. पुढचा पसारा मांडायचं कारण असं, की या बाटलीवर ‘क्वेंचिंग’ (प्रकाश विझणं) म्हणून जे आलेख दाखवले जातात त्यातलं बरंचसं क्वेंचिंग नसतंच. दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो. तिच्यात काय आहे हे न बघता ती वापरली जाते.

बाजारात हा माल बहुधा २५ किंवा १०० मिलीच्या बाटलीत येतो. गडद लाल पाणी, लेबलवर व्यास २० नॅनोमीटर, ओडी (१ सेंटिमीटर द्रावातलं प्रकाशाचं शोषण) १, शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास. कुठे एकाग्रता ओडीत लिहिलेली असते, कुठे मिलीलिटरमागे कणांत, कुठे मिलिग्रॅममध्ये. तेव्हा आकडे एकदा जुळवून ठेवलेले बरे. २० नॅनोमीटरच्या कणांसाठी ओडी १ म्हणजे साधारण १.१ नॅनोमोलर, म्हणजे मिलीलिटरमागे सुमारे ७ गुणिले १० चा ११ वा घात इतके कण. वजनात पाहिलं तर मिलीलिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम सोनं. २५ मिलीच्या अख्ख्या बाटलीत सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास सोनं निघतं, त्यामुळे ‘सोन्याचा भाव वाढला म्हणून बाटली महाग’ या विक्रेत्याच्या बोलण्यात फारसा दम नाही. पैसे मोजले जातात ते कण एकसारख्या मापाचे असण्यासाठी आणि त्या लॉटचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो मिळण्यासाठी. तो फोटो आणि व्यासांचा हिस्टोग्राम मिळत नसेल तर जास्त पैसे देण्याचं कारणच उरत नाही.

डायवाल्यांसाठी या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आकडा लेबलवर नसतो: पृष्ठभाग. २० नॅनोमीटरच्या एका कणाचा पृष्ठभाग १२५७ चौरस नॅनोमीटर. रोडामिन ६जी या डायचा सपाट बसलेला रेणू दीडेक चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरलं, तर एका कणावर एका थरात आठशेच्या आसपास रेणू मावतात. ओडी १ च्या द्रावात हा थर पुरा व्हायला साधारण ०.९ मायक्रोमोलर डाय लागतो. ओडी ०.१ पर्यंत पातळ केलं की हीच मर्यादा ९० नॅनोमोलरवर येते. त्यापलीकडे घातलेला डाय पाण्यात मोकळा फिरतो, चमकत राहतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सोनं नीट क्वेंच करत नाही. ५ मायक्रोमोलर डाय घालून ‘क्वेंचिंग कमी आलं’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, तिथे जागाच संपलेली असते.

बाटली आली की पहिली चाचणी मिठाची. १ मिली द्राव काढून त्यात १० टक्के मिठाचं पाणी १०० मायक्रोलिटर टाकायचं, म्हणजे शेवटी ०.९ टक्क्याच्या आसपास, सुमारे १५५ मिलीमोलर. निव्वळ सायट्रेट असलेलं सोनं क्षणात जांभळं आणि मग निळं-राखाडी होतं, कारण कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा ऋण विद्युतभार मिठाने झाकला जातो. रंग लालच राहिला तर कणांवर सायट्रेटखेरीज आणखी काहीतरी बसलंय: ट्वीन २० (साबणासारखा पदार्थ), पीव्हीपी किंवा पेग (दोन्ही पॉलिमर), नाहीतर एखादं प्रथिन. मालाचं आयुष्य वाढवायला ही भर घातलेली असते, आणि पट्टीवरच्या चाचण्यांसाठी ती चालूनही जाते. डायच्या कामाला मात्र ती घातक. डायच्या रेणूला धातूपर्यंत पोचूच दिलं जात नाही, शिवाय ट्वीनसारख्या पदार्थाच्या मायसेलमध्ये (त्याच्या रेणूंच्या पुंजक्यात) शिरून काही डाय उलट जास्त चमकतात. लेबलवर ‘सायट्रेट’ लिहिलेली बाटली मीठ टाकूनही लाल राहिली, तर ती परत करावी. हा आमच्या लेखी तडजोड न करण्याचा मुद्दा आहे.

दुसरी चाचणी स्पेक्ट्रमची, ४०० ते ८०० नॅनोमीटर. शिखर ५१८ ते ५२४ मध्ये हवं. ४५० नॅनोमीटरचं शोषण शिखराच्या सहा दशांशाजवळ हवं, ते फार वेगळं आलं तर व्यास २० नाही. ६५० पलीकडे आलेख जवळजवळ सपाट आणि खाली हवा. तिथे शेपूट उचललेलं दिसलं तर गुठळ्या सुरू झाल्यात, आणि अशा बाटलीवर पुढचं कुठलंही मोजमाप करण्यात हशील नाही. बाटलीच्या तळाशी काळसर थर असेल आणि हलक्या हाताने फिरवल्यावर तो मिसळत नसेल, तर स्पेक्ट्रमचीही गरज नाही.

आता डायची बाजू. या बाटलीची परीक्षा घ्यायला फ्लुओरेसीन आणि रोडामिन ६जी ही जोडी पुरते, कारण पाण्यात दोघांचे भार उलटे आहेत. रोडामिन ६जी धन, फ्लुओरेसीन अल्कधर्मी पाण्यात दुहेरी ऋण. सायट्रेट लावलेलं सोनं ऋण. म्हणजे रोडामिन आपणहून जाऊन चिकटतो, फ्लुओरेसीन लांब राहतो. त्यामुळे फ्लुओरेसीनचा प्रकाश या सोन्याने फारसा विझायला नको. आणि तरीही फ्लुओरेसीनवरचे ‘८५ टक्के क्वेंचिंग’चे दावे सर्रास दिसतात.

त्याचं उत्तर साध्या शोषणात आहे. फ्लुओरेसीनला ४९० नॅनोमीटरने उत्तेजित करतात, त्याचा प्रकाश ५१५ च्या आसपास येतो. ओडी १ च्या सोन्याचं शोषण ४९० ला साधारण ०.७ आणि ५१५ ला जवळपास १. आत जाणारा प्रकाश सोनं खातं, बाहेर येणाराही खातं. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजण्याच्या चौकोनी भांड्यात) याची नेहमीची दुरुस्ती म्हणजे मिळालेल्या आकड्याला १० चा (दोन्ही शोषणांची बेरीज भागिले २) इतक्या घाताने गुणायचं. इथे घात ०.८५, म्हणजे सातपट. एकाही रेणूला सोन्याने हात लावलेला नसताना यंत्रावरचा आकडा एक सप्तमांश होतो, आणि तेच ८५-८६ टक्के ‘क्वेंचिंग’ म्हणून छापलं जातं. सोनं ओडी ०.१ वर आणलं की घात ०.०८५ होतो, दुरुस्ती १.२ पटीच्या आसपास येते आणि तिच्यावर विश्वास ठेवता येतो. सातपटीची दुरुस्ती कागदावर करता येते, पण ती करून आलेल्या आकड्यावर आम्ही काहीही ठरवणार नाही.

फ्लुओरेसीनचा दुसरा सापळा पीएचचा. त्याचा पीकेए (ज्या पीएचला त्याची एकेरी आणि दुहेरी ऋण रूपं निम्मी-निम्मी असतात) ६.४. दुहेरी ऋण रूपाची क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी परत निघणारा वाटा) ०.९३, एकेरी ऋण रूपाची ०.३७, आणि ते रूप ४९० ला शोषतंही कमी. बाटलीतलं सोन्याचं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं, पीएच ६ च्या जवळपास. बफर नसलेल्या डायमध्ये ते ओतलं की पीएच घसरतो आणि प्रकाश पडतो. त्यात सोन्याचा काही संबंध नसतो. उपाय म्हणून कोणी पीबीएस (खारट फॉस्फेट बफर) वापरतात, आणि त्यातल्या मिठाने सोनं निळं होतं. आम्ही सुचवू तो बफर २ मिलीमोलर बोरेट, पीएच ८.५. ट्रिस या बफरमधला अमाइन गट सोन्यावर बसू शकतो आणि हेपीस हा बफर सोन्याच्या आयनांना क्षपित करतो, म्हणून दोन्ही टाळावेत.

मोजमापाची मांडणी अशी ठेवली तर बाटलीला न्याय मिळतो. एका नळीत २०० मायक्रोलिटर सोनं, १७८० मायक्रोलिटर बोरेट, नीट मिसळून झाल्यावर १ मायक्रोमोलर डायचे २० मायक्रोलिटर. एकूण २ मिली, सोनं ओडी ०.१, डाय १० नॅनोमोलर, म्हणजे कणामागे सरासरी ९० रेणू. क्रम महत्त्वाचा आहे: पातळ डाय ढवळत्या सोन्यात घालायचा. घट्ट रोडामिनचा थेंब सोन्यावर पडला की त्या थेंबाभोवती कणांचा भार नाहीसा होऊन तिथल्या तिथे गुठळ्या होतात, आणि मग सरासरी एकाग्रता कितीही सुरक्षित असली तरी उपयोग नसतो. दुसऱ्या नळीत सोन्याऐवजी बोरेट. तिसऱ्या नळीत सोन्याऐवजी त्याच बाटलीतल्या द्रावाचं सेंट्रिफ्यूज करून घेतलेलं वरचं पाणी, २०० मायक्रोलिटर. २० नॅनोमीटरचे कण ७००० जी वर अर्ध्या तासात खाली बसतात. चौथ्या नळीत सोनं आहे, डाय नाही.

तिसरी नळी बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त ती शिकवते. वरच्या पाण्यात सायट्रेट असतं, उरलेली अभिक्रियाद्रव्यं असतात, लपवलेला स्टॅबिलायझर असला तर तोही असतो. त्या पाण्यानेच डायचा प्रकाश पडला किंवा वाढला, तर तेवढा परिणाम कणांच्या नावावर टाकता येत नाही. चौथी नळी विखुरलेल्या प्रकाशासाठी आणि पाण्याच्या रामन शिखरासाठी (पाणी तरंगलांबी बदलून प्रकाश विखुरतं, त्याचा उंचवटा). ४९० ने उत्तेजित केलं तर पाण्याचं शिखर ५८८ नॅनोमीटरजवळ येतं, ५०० ने केलं तर ६०२ जवळ. १० नॅनोमोलर डायचा प्रकाश एवढा मंद असतो की हा उंचवटा रोडामिनच्या आलेखाच्या उतारावर खांदा होऊन दिसतो आणि ‘नवीन उत्सर्जन पट्टा’ म्हणून चर्चेला येतो. तो वजा करायचा.

रोडामिनसाठी उत्तेजन ५०० नॅनोमीटर ठेवावं. पाण्यात त्याचं शोषण शिखर ५२६ ला आहे खरं, पण तिथे सोन्याचंही शिखर आहे, आणि ५५२ चं उत्सर्जन इतकं जवळ आहे की विखुरलेला प्रकाश आत घुसतो. क्युव्हेट काचेचं किंवा क्वार्ट्‌झचं हवं. पॉलिस्टायरीनच्या भिंतीवर नॅनोमोलर पातळीतलं रोडामिन चिकटून बसतं, काचेवरही थोडं बसतं. म्हणून सोनं नसलेल्या नळीचा आकडा १० मिनिटांनी आणि ३० मिनिटांनी दोनदा घ्यावा. तो घसरत असेल तर चूक भिंतीची आहे.

अशा मांडणीत चांगल्या बाटलीचं वागणं स्पष्ट दिसतं. फ्लुओरेसीनच्या बाबतीत दुरुस्तीनंतर फरक किरकोळ उरतो. रोडामिनचा प्रकाश मात्र दुरुस्तीनंतरही भरपूर पडलेला असतो, आणि नळी सेंट्रिफ्यूज केली तर वरच्या पाण्यात डाय फारसा सापडत नाही, म्हणजे तो कणांबरोबर खाली गेलेला असतो. उलट चित्र दिसलं, दोन्ही डाय सारखेच पडले, तर शोषणाची किंवा पीएचची चूक झालेली आहे. दोन्ही जसेच्या तसे राहिले तर सोन्यावर दुसराच कोट आहे.

ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी त्याच सोन्याला पेग लावून तुलना करावी. ओडी १ च्या द्रावात ५ किलोडाल्टनचं थायॉलवालं (सोन्याला घट्ट बसणारा गंधकाचा गट असलेलं) पेग १० मायक्रोमोलर होईल इतकं घालून रात्रभर ठेवायचं, दोनदा सेंट्रिफ्यूज करून धुवायचं, मग ओडी पुन्हा जुळवायची. शोषण तेच, पण पृष्ठभाग झाकलेला. नागड्या आणि झाकलेल्या सोन्यातला फरक तेवढा खऱ्या संपर्काचा.

स्टर्न-व्होल्मर आलेखाबद्दल (विझवणारा पदार्थ वाढवत नेला की प्रकाश किती पट पडतो, त्याचा आलेख) थोडं कठोर बोलायला हवं. या कणांवर उतार मोलरमागे १० चा आठवा किंवा नववा घात असा येतो. फ्लुओरेसीनचा आयुष्यकाळ (रेणू उत्तेजित राहण्याचा सरासरी वेळ) ४ नॅनोसेकंद. त्याने भागलं की क्वेंचिंगचा वेग १० च्या सोळाव्या-सतराव्या घातात जातो. पाण्यात एवढ्या मापाचे कण आणि रेणू एकमेकांवर आदळण्याची कमाल मर्यादा १० च्या दहाव्या-अकराव्या घाताजवळ आहे. म्हणजे हे टक्करीने विझणं नव्हेच. एकतर रेणू आधीच चिकटलेला आहे, नाहीतर सोनं प्रकाश पितंय. तरीही ‘डायनॅमिक क्वेंचिंग’ असा शिक्का मारलेला असतो. आयुष्यकाळ मोजला की प्रश्न सुटतो असंही नाही: शोषणाने आयुष्यकाळ बदलत नाही, आणि पूर्ण चिकटून विझलेले रेणू यंत्राला दिसतच नाहीत, उरलेले मोकळे रेणू ४ नॅनोसेकंदच दाखवतात. दोन्ही बाबतींत आकडा सारखाच येतो. म्हणून सेंट्रिफ्यूज लागतंच.

आता हे विझणं होतं कसं, कारण त्यावरच कोणत्या मापाची बाटली घ्यायची ते ठरतं. उत्तेजित रेणू म्हणजे थरथरणारा विद्युत द्विध्रुव. धातू जवळ असला की ती ऊर्जा प्रकाशाऐवजी धातूतल्या इलेक्ट्रॉनांकडे जाते आणि उष्णता होते. दोन डायमधल्या फ्रेटमध्ये (एका डायकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाण्यात) हा परिणाम अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, धातूच्या पृष्ठभागाशी चौथ्या घाताने, त्यामुळे सोन्याचा हात जास्त लांब पोचतो. स्ट्राउस यांच्या गटाने २००५ मध्ये १.४ नॅनोमीटर सोनं आणि डाय डीएनएच्या दोन टोकांना बांधून हे मोजलं, आणि परिणाम २२ नॅनोमीटरपर्यंत सापडला. फ्रेटची पोच १० नॅनोमीटरच्या आसपास संपते. त्याआधी २००२ मध्ये डुलकाइथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ऊर्जा चोरली जाणं हे एकच कारण नाही. कण रेणूचा प्रकाश बाहेर टाकण्याचा वेगही कमी करतो, आणि हे १ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणांनाही जमतं.

म्हणजे विझवण्यासाठी मोठा कण लागत नाही. ५, १० आणि २० नॅनोमीटर तिन्ही चालतात. २० चा फायदा एवढाच, की तो सहज सेंट्रिफ्यूज होतो, रंगावरून गुठळ्या कळतात, आणि डीएनए बांधण्याच्या पद्धती त्यावर पक्क्या झालेल्या आहेत. ५ नॅनोमीटरचा कण साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसत नाही, आणि मग मोकळा डाय वेगळा काढायला गाळणी किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूज शोधत बसावं लागतं.

थायॉल लावलेल्या डीएनएच्या टोकाला डाय असेल तर या बाटलीचं खरं सोनं होतं. अंतर ठरवता येतं: दुहेरी डीएनएत एका जोडीमागे ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे १५ जोड्यांना ५ नॅनोमीटरच्या थोडं वर, शिवाय जोडणीचा दुवा. इथे काय बिघडतं ते ठरलेलं आहे. एकेरी डीएनए सोन्यावर आडवा पडतो, विशेषतः अ‍ॅडेनीन जास्त असलेला, आणि तुम्ही ५ नॅनोमीटर समजत असता तेव्हा डाय प्रत्यक्षात पृष्ठभागालाच टेकलेला असतो. मीठ एकदम घातलं तर गुठळ्या होतात, म्हणून ते काही तासांत टप्प्याटप्प्याने वाढवायचं. कणामागे किती डाय बसले ते सोन्यावर चिकटलेल्या अवस्थेत मोजता येत नाही, कारण ते विझलेले असतात. त्यासाठी १० ते २० मिलीमोलर मर्कॅप्टोइथेनॉल घालून रात्रभर ठेवायचं, सुटलेला डीएनए सेंट्रिफ्यूज करून वेगळा काढायचा, आणि त्याच बफरमधल्या प्रमाणित द्रावांशी ताडायचा. मर्कॅप्टोइथेनॉलची दुर्गंधी जबर असते, तेव्हा फ्यूम हूडखेरीज हे करू नये.

उजळवण्याचं स्वप्न घेऊन ही बाटली घेणाऱ्यांची मात्र निराशा होईल, आणि ती टाळता येण्यासारखी आहे. कण प्रकाश किती शोषतो ते त्याच्या आकारमानाप्रमाणे वाढतं, किती विखुरतो ते आकारमानाच्या वर्गाने. २० नॅनोमीटरला विखुरणं शेकड्यात एखादा हिस्सा असतं, बाकी सगळं शोषण. असा कण डायला अँटेना म्हणून उपयोगाचा नाही. २००६ मध्ये अँगर, भारद्वाज आणि नोवोत्नी यांनी एकेका रेणूवर जे उजळणं दाखवलं ते ८० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाने, आणि तेही अंतर सुमारे ५ नॅनोमीटर असताना. त्याहून जवळ नेलं की प्रकाश पुन्हा विझत गेला. शिवाय ५२० नॅनोमीटरच्या खाली सोन्याचं अंगभूत शोषण सुरू होतं, त्यामुळे हिरव्या-निळ्या डायला सोनं मुळातच प्रतिकूल. ६०० च्या पुढचे लाल डाय घ्यावेत. आणि क्वांटम यील्ड आधीच ०.९ असलेला डाय त्या बाबतीत १ च्या पलीकडे जाऊ शकत नाही, त्याला उत्तेजन वाढण्याचा तेवढा फायदा. मंद डायमध्ये वाढ जास्त दिसते, म्हणून जाहिरातीतल्या ‘इतक्या पट’ आकड्यामागचा डाय कोणता ते विचारावं.

या कामाला ६० ते ८० नॅनोमीटरचं सोनं किंवा चांदी, वर ५ ते १० नॅनोमीटरचा सिलिका थर, आणि डाय त्या थरावर बांधलेला, असा माल घ्यावा. चांदी जास्त उजळवते पण सांभाळायला कटकटीची: क्लोराइडने खराब होते, हवेने गंजते, उजेडात बदलते. सिलिका अल्कधर्मी बफरमध्ये हळूहळू विरघळते, तेव्हा महिनाभर पीएच ८.५ मध्ये ठेवलेल्या कणांचं अंतर लेबलवरचं राहिलेलं नसतं. मोठे कण हळूहळू तळाशी बसतात, वापरण्याआधी हलवून घ्यावे लागतात. विझण्याचाही कुठे फायदा होतो हे जाता जाता: धातूवर बसलेल्या रोडामिन ६जीचा फ्लुरोसन्स दबल्यामुळेच त्याच्या रामन रेषा, ६१२, १३६३, १५०९, १६५० प्रति सेंटिमीटर, स्वच्छ दिसतात. ते काम गुठळ्या झालेल्या चांदीवर उत्तम होतं, या बाटलीत सोनं सुटं असेपर्यंत नाही.

मग बाटली विकत घ्यायची की प्रयोगशाळेत बनवायची? कृती जुनी आहे, टर्केविच आणि सहकाऱ्यांची १९५१ ची, फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये मापं बांधून दिलेली. ०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्लाचे (सोन्याच्या संयुगाच्या द्रावाचे) ५० मिली उकळायचे आणि ढवळत १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट एकदम ओतायचं: १ मिली घातलं तर १६ नॅनोमीटर, पाऊण मिली घातलं तर २४, अर्धा मिली घातलं तर ४१. रंग आधी राखाडी-निळा, मग जांभळा, मग लाल. लाल झाल्यावरही १०-१५ मिनिटं उकळू द्यायचं. १ ग्रॅम क्लोरोऑरिक आम्लापासून असा १० लिटर द्राव होतो, म्हणजे खर्चात बाटली याच्या जवळपासही येत नाही.

अडचण सुबकपणाची आहे. काच अ‍ॅक्वा रेजियाने धुतलेली हवी (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, फ्यूम हूडमध्येच, बाटलीत कधीही बंद करून ठेवायचं नाही आणि अ‍ॅसिटोनच्या जवळ न्यायचं नाही), नाहीतर आधीच्या सोन्याच्या कणांवर नवे कण वाढतात. क्लोरोऑरिक आम्ल हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये ते तोलायला बसलात तर तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. म्हणून सीलबंद कुपी अख्खीच विरघळवून साठा द्राव करावा. धातूचा चमचा तर वापरूच नये. एवढं करूनही ४० नॅनोमीटरच्या वर कण लांबट आणि विषम होतात. आमचं मत असं: १६ ते २० नॅनोमीटर आणि नुसतं विझवणं, तर प्रयोगशाळेत बनवा. अंतराचे आकडे छापायचे असतील, किंवा ४० च्या वरचं माप हवं असेल, तर विकत घ्या.

साठवण सोपी, पण एक चूक माफ नाही: गोठवणं. २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवावं. बर्फ होताना कण एकमेकांवर दाबले जातात आणि वितळल्यावर राखाडी पाणी उरतं, ते काही केल्या परत लाल होत नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या बाटल्या अशाच जातात. बाटलीत थेट पिपेट घालू नये, लागेल तेवढं स्वच्छ नळीत ओतून घ्यावं. सायट्रेटच्या पाण्यात बुरशी चांगली वाढते.

मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: सायट्रेटखेरीज काय घातलंय, सायट्रेट किती मिलीमोलर आहे, द्रावाचा पीएच, आणि त्याच लॉटचा हिस्टोग्राम, कॅटलॉगमधला नमुना नव्हे. काही ठिकाणी हाच माल ०.१ मिलीमोलर पीबीएसमध्ये, अभिक्रियाद्रव्यं काढून टाकलेला असा मिळतो. तिसऱ्या नळीची भानगड कमी करायची असेल तर तो बरा, पण सायट्रेट कमी असल्यामुळे धुताना गुठळ्या लवकर होतात. पॅक छोटाच घ्यावा. वरच्या मांडणीत एका डायच्या एका फेरीला, वरच्या पाण्यासह, ०.६ मिली सोनं लागतं, म्हणजे २५ मिलीत मिठाची चाचणी धरूनही चाळीसच्या आसपास फेऱ्या निघतात. १०० मिलीची बाटली मिलीमागे स्वस्त दिसते, पण वारंवार उघडून ती अर्धी व्हायच्या आत ६५० नॅनोमीटरचं शेपूट वर येऊ लागतं.